रिकाम्या गाडीचं माप

"गाडी हलकी करायला अजून काय काढू, उस्ताद?"

बाबालाल उस्ताद रणधीरच्या मोटारीपुढे उकिडवे बसले होते. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात त्यांचं गॅरेज. धंदा ट्रॅक्टर दुरुस्तीचा. पण हौसेनं शर्यतीत गाड्या पळवणारे अडले की याच म्हाताऱ्याच्या दारात येत.

रणधीर नेजदार चांगलाच अडला होता. माळावरच्या शर्यतीत सलग दोन वर्षं, एकाच डाव्या वळणावर, त्याची गाडी गरकन फिरून बाहेर गेली होती. रविवारी तिसरी खेप. या वेळी वळण घेतलं नाही तर हेल्मेट कायमचं माळ्यावर टाकीन, असं तो घरी सांगून आला होता. आणि हा गडी शब्द फिरवणारा नव्हे.

"आतापतुर काय काय काढलंस?"

"मागची सीट, एसी, दारांच्या काचा... हँडब्रेकच्या दांडीला भोकंसुद्धा पाडलीत. सहाशे किलोवर आणली."

"आन् स्प्रिंगा?"

"नव्या, ताठ. चारी चाकांखाली वजनकाटे ठेवून जुळवल्या. डावं-उजवं एका किलोचा फरक नाही. वारा खाली शिरू नये म्हणून बंपरखाली ही पट्टी, जमिनीपासून तीन बोटं. गाडी जमिनीला दाबून धरणारा मागचा पंखही मीच बनवला. या गाडीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही."

शेवटचं वाक्य तो भेटेल त्याला ऐकवत असे. आत्ताही पाना त्याच्या मुठीतच होता.

उस्तादांनी पट्टीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"डावीकडं रंग शाबूत हाय. उजवीकडं घासलंय."

"रस्त्याला लागली असेल."

"रस्ता फकस्त उजवीकडंच हाय व्हय?"

ते ओरखडे रणधीरनं रोज पाहिले होते, म्हणून जास्तच झोंबलं.

उस्तादांनी खिशातून काड्यापेटी काढली. पट्टीच्या उजव्या कोपऱ्याखाली उभी केली. बरोबर मावली.

"आता आत बस."

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. गाडी उजव्या अंगाला किंचित खचली. खालून कर्रकन आवाज आला.

"उतर."

तो उतरला. पट्टी पुन्हा वर आली आणि चेपलेली काड्यापेटी आडवी पडली.

"वजन किती तुजं?"

"चौऱ्याऐंशी."

"गाडीसंगं काट्यावर मांडलंवतंस?"

दांडीला भोकं पाडून चिमूटभर लोखंड वाचवणारा हा शहाणा, गाडी चालवणाऱ्यालाच मोजायला विसरला होता! डाव्या वळणावर गाडी उजवीकडे झुकायची, आणि नेमका तिथेच हा चौऱ्याऐंशी किलोचा बसलेला. पट्टी जमिनीला टेकायची, चाकाची पकड सुटायची आणि गाडी फिरायची.

रणधीरच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. पण डोकं खाली घालून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"चार दिवस आहेत, उस्ताद. सगळं नव्यानं मापतो. सीटवर चौऱ्याऐंशी किलोचं वाळूचं पोतं ठेवतो आणि..."

"पोतं स्टेअरिंग धरतंय? ब्रेकवर पाय ठेवतंय?"

"नाही."

"मग तूच बस की."

"मी आत बसल्यावर पाना कोण फिरवणार?"

उस्तादांनी तेलकट तळहात पुढे केला आणि तसाच ठेवला.

रणधीरनं पान्याकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणापुढे इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं. मग त्याला ते डावं वळण आठवलं, आणि त्यानं दात आवळले.

मूठ उघडायला वेळ लागला... पण उघडली.

काटे चाकांखाली सरकवले. तो आत बसला, पट्टा बांधला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. चारही काट्यांची बेरीज सहाशेवरून सहाशे चौऱ्याऐंशीवर गेली.

उस्तादांनी ती वाचली. चाकापाशी वाकून पाना लावला.

"दुसरा हात लागला. झाली बघ हलकी."