तेरा तुकड्यांची गोधडी

अमेरिका नवी होती, तेव्हा तिथल्या एका सुईनं वसा घेतला होता, की उसवलेलं आधी शिवीन. तिची गोधडी तेरा तुकड्यांची, अर्धी लोकरी, अर्धी सुती. सुतीचा कापूस गुलामांनी रडत वेचलेला. त्या आसवांनी मधली शिवण कुजत चालली.

"आधी ही सांधू," सुई म्हणाली.

"सुईबाई, झाका ती! नवा तुकडा माझ्याकडे जोडा," सुती म्हणाली.

"वा गं! तुझ्याकडेच का?" लोकरी फणकारली.

भांडण नको म्हणून सुई वसा विसरली, दोन्हीकडे तुकडे जोडत गेली. गोधडी वाढली, जड झाली आणि भर थंडीत मधोमध फाटली. तिच्याखाली निजलेलं एक तान्हं बाळ गारठलं.

सुईचं नेढं आसवांनी भरलं. तरी तिनं त्याच शिवणीला पहिला टाका घातला.

बायांनो, तुम्हीही उसवलेलं आधी सांधा, मग वाढवा.