पाच हात दोर

गुरुवार होता. दिवस मावळायला दोन घटका उरल्या होत्या. राजवाड्याच्या मागे घोड्यांची पागा होती, आणि त्या पागेत एका खुंटीला बारा दिवसांचं करडू बांधलेलं होतं. ते मेलेलं होतं.

रडू नका. आधी ऐका, मग ज्याला रडायचं त्याने रडा. शकू, पाय आत घे. वाकळ सगळ्यांना पुरते.

तर काय, एक होती हौसा. डोंगराच्या उतारावर तिचं शेत होतं, एवढंसं. वर खडक, खाली खडक, मध्ये बाजरीचे दोन पट्टे. तिचा नवरा केरू शेत बघायचा आणि हौसा शेळ्या बघायची. सात शेळ्या होत्या. पहाटे उठायचं, करडं सोडायची, धार काढायची, पाला तोडायचा, रानात न्यायच्या. संध्याकाळी परत तेच. दूध गावात जायचं, थोडं घरात राहायचं. असं चाललं होतं, बरं का.

मग एका उन्हाळ्यात हौसाला रानात बाभळीखाली एक म्हातारी दिसली. पायाला फोड, ओठ फुटलेले. हौसाने तिला आपली भाकरी दिली, ताकाचं मडकं दिलं. म्हातारीने सगळं संपवलं. हौसाला घोटभरही ठेवलं नाही. मग पदराखालून एक पाट काढली. पाट म्हणजे शेळीची लहान पोर. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका.

म्हातारी म्हणाली, "हिला ने. व्याली की हिचं उजवं सड तुझं. कितीही काढ, आटायचं नाही. ज्या लेकराला आई नाही त्याला हे दूध पाज, ते रडायचं थांबेल. डावं सड मात्र हिच्या करडाचं. त्याला माणसाचा हात लागता कामा नये."

"लागला तर?"

"तर मला शोधत येऊ नकोस," म्हातारी म्हणाली. आणि बघता बघता बाभळीखाली नुसती सावली राहिली. कोण होती ती? डोंगराई होती, दुसरं कोण!

हौसाने त्या पाटीचं नाव ठेवलं टिकली. टिकली मोठी झाली, व्याली. तिला पांढरं शुभ्र करडू झालं, कापसाच्या बोंडासारखं. म्हणून त्याचं नाव बोंडी.

आणि म्हातारी बोलली ते खरं झालं. आईवेगळं लेकरू कुठे रडायला लागलं की माणसं वाटी घेऊन हौसाच्या दारात यायची. हौसा उजव्या सडाची धार काढून द्यायची. डाव्याकडे बघायचीसुद्धा नाही. ते बोंडीचं.

आता त्याच वेळी तिकडे राजवाड्यात काय झालं? राणी बाळंत झाली, आणि गेली. मागे राहिला राजपुत्र, मुठीएवढा. त्याला गाईचं दूध दिलं, ते त्याने ओकलं. दाईने जवळ घेतलं, त्याने तोंड फिरवलं. सोन्याच्या चमच्याने मध चाटवला, तो थुंकला. आणि रडत राहिला. सात दिवस. वाड्यातली कबुतरंसुद्धा उडून गेली, एवढा रडला.

मग कोणीतरी हौसाचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी एक घोडेस्वार आला. हौसाने वाटीभर दूध दिलं. राजपुत्र प्यायला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी तीन घोडेस्वार आले. हौसाने घागरभर दूध दिलं. उजवं सड आटलं नाही. हौसाला वाईट वाटत होतं त्या पोराचं. राजाचं असलं म्हणून काय, आईवेगळं ते आईवेगळंच.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, पालखी आली. पालखीतून कारभारी उतरला. नाकाला रुमाल लावलेला.

"बाई, रोज रोज घोडे दमतात. शेळीच वाड्यावर नेतो."

केरूने हौसाकडे बघितलं. हौसा म्हणाली, "न्या. पण मी येते बरोबर."

"वाड्यात यायला परवाना लागतो. तुझा परवाना निघाला की निरोप धाडू."

"आणि शेळीला नाही का लागत परवाना?" केरू बोलला.

कारभाऱ्याने रुमाल नाकाशी आणखी दाबला.

मग हौसाने टिकलीचा दोर हातात घेतला आणि सगळं सांगितलं. नीट सांगितलं. "बोंडीला बरोबर घ्या. धार काढताना तिला समोर बांधा. टिकलीला ती दिसली पाहिजे, तरच पान्हा सोडते. उजवं सड राजपुत्राला. डाव्याला हात लावू नका, ते बोंडीचं."

कारभारी हसला. "म्हणजे राजपुत्राला अर्धी शेळी आणि करडाला अर्धी? वा!" बरोबरचे शिपाईही हसले. कारभारी हसला की त्यांना हसावंच लागायचं.

टिकली गेली. बोंडी तिच्या मागे उड्या मारत गेली, खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या घोडागाडीपर्यंत. वळणावर तिने मागे बघितलं, मग परत उडी मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे हौसा उरलेल्या शेळ्यांच्या धारा काढत होती. एकीची धार झाली. हौसाने तिच्या करडाच्या गळ्यातला दोर सोडला. करडू धावत जाऊन आईला लुचू लागलं. आणि हौसाचा हात तिथेच थांबला.

"अहो," ती म्हणाली, "मी सोडायला सांगितलंच नाही."

"काय?"

"बोंडीला बांधा म्हटलं. धार झाली की सोडा, असं म्हटलं नाही."

केरू म्हणाला, "खुळी का काय तू? ते काय सांगायला लागतं? पाच वर्षांच्या पोरालाही कळतं ते."

"आपल्या पोराला. त्यांच्याकडे शेळ्या आहेत का?"

केरूने टिकलीच्या रिकाम्या खुंटीकडे बघितलं. मग म्हणाला, "नाहीत. घोडे आहेत."

हौसाने चरवी खाली ठेवली आणि ती निघाली. परवाना नाही, पायात वहाण नाही. घोडा सकाळी निघाला की दुपारी वाड्यावर पोचायचा. पण पायी म्हणजे दीड दिवसाची वाट. अंधार पडेपर्यंत चालली, एका देवळाच्या ओट्यावर पडली, उजाडायच्या आत परत चालू लागली. गुरुवारी दिवस चांगला वर आला तेव्हा ती राजवाड्याच्या पहिल्या दरवाजाशी पोचली.

पहारेकरी म्हणाला, "परवाना?"

हौसा म्हणाली, "दादा, ते राहू दे. आत करडू ओरडतंय का, एवढंच सांगा."

"ओरडतंय तर! परवापासून कान किटले."

ओरडतंय म्हणजे आहे. हौसाच्या जिवात जीव आला. पण दरवाजा उघडेना. शेवटी दुपारी चाऱ्याची गाडी आत चालली होती, तिच्या आडोशाने ती आत शिरली.

दुसऱ्या दरवाजाशी एक कारकून पान लावत बसला होता. तो म्हणाला, "कारभारी जेवायला बसलेत. थांब."

"भाऊसाहेब, करडू ओरडतंय का?"

"मघाशी ओरडत होतं. आता कमी झालंय जरा." त्याने पान तोंडात टाकलं. "सवय होते हो जनावरांना."

हौसा थांबली. कारभारी जेवले. मग झोपले. मग उठले. दिवस कलला. कारकुनाचा डोळा लागला तशी हौसा सरकून पुढे गेली.

तिसऱ्या दरवाजाशी धार काढणारा माणूस बसला होता, मुदपाकखान्यातला. चांगला गोड बोलला. "या या मावशी. तुमची का शेळी? लबाड आहे हो. पहिल्या दिवशी दोन्ही सडं भरून दूध दिलं. काल दूध खारट निघालं, राजपुत्र थुंकला. आज तर थेंब नाही."

"दोन्ही सडं?"

"कारभाऱ्यांनी सांगितलं, दोन्ही काढ."

"आणि करडू? ओरडतंय का?"

"नाही, नाही. आता शांत आहे. छान झोपलंय."

हौसा पळाली, बरं का. एवढी दमलेली, पण पळाली.

पागेत एका खुंटीला टिकली होती. समोरच्या खुंटीला बोंडी होती. तिची मान आईच्या दिशेने ताणलेली, दोर ताठ. पुढच्या पायांनी जमीन उकरून उकरून खड्डा पडलेला. हौसाने हात लावला. बोंडी गार होती.

हौसा रडली नाही. तिने आपल्या हाताने दोर मोजला, कोपरापासून बोटांपर्यंत. पाच हात. मग खुंटीपासून टिकलीपर्यंत मोजलं. सात हात. दोन हात कमी पडले होते. करडाच्या समोर आई होती, आईच्या कासेत त्याच्या वाटणीचं दूध होतं, माणसं येऊन ते काढून नेत होती, आणि करडू तीन दिवस बघत होतं.

तेवढ्यात वरच्या माडीवर राजपुत्र रडायला लागला. दूध का येत नाही ते बघायला राजा खाली आला, कारभारी आला, पंचवीस माणसं आली.

राजाने करडू बघितलं. त्याचा चेहरा उतरला. तो वाईट नव्हता, बरं का. त्याने फक्त दूध मागवलं होतं, आणि ते कसं येतं हे विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "हे कोणी केलं?"

कारभारी पुढे झाला. "महाराज, या बाईनेच सांगितलं होतं, करडू समोर बांधा. साक्षीदार आहेत."

सगळ्यांनी माना हलवल्या. साक्षीदार पुष्कळ होते.

हौसा म्हणाली, "खरं आहे. बांधा म्हणून मीच सांगितलं. सोडा म्हणायचं राहिलं माझं, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण महाराज, बांधणारा हात माझा नव्हता. आणि तीन दिवस इथून ये-जा करणारे पायही माझे नव्हते. हे ओरडत होतं. पहिल्या दरवाजापर्यंत ऐकू जात होतं. मला सांगा, कोण कोण गेलं इथून?"

पंचवीस माणसांनी पंचवीस जोडे बघितले, आपापले. 

राजा म्हणाला, "बाई, काय पाहिजे ते माग. शंभर शेळ्या देतो. रान देतो."

"शेळ्या नकोत. मला एक नाव पाहिजे. हिचा दोर ज्याने बांधला आणि सोडला नाही त्याचं."

राजाने कारभाऱ्याकडे बघितलं. कारभाऱ्याने कारकुनाकडे, कारकुनाने धार काढणाऱ्याकडे. धार काढणारा म्हणाला, "मी आलो तेव्हा बांधलेलंच होतं."

वर राजपुत्र रडतच होता. आता त्याचा आवाज बसत चालला होता, बोंडीचा बसला तसा.

मग काय झालं ऐका. टिकलीने मान वर केली. कान टवकारले. हौसाच्या मनात आलं, हिचा दोर आत्ता सोडावा आणि हिला घरी न्यावं, रडू दे त्यांचं पोर. आलं तिच्या मनात, खोटं कशाला सांगू? पण तिने दोर सोडला तशी टिकली घराकडे वळली नाही. ती जिन्याकडे गेली. एक पायरी चढली, दुसरी चढली, कोणी अडवलं नाही. माडीवर जाऊन पाळण्याशी उभी राहिली. आणि तिचं डावं सड, माणसाच्या हातांनी पिळून कोरडं केलेलं, ते भरलं. राजपुत्राने तोंड लावलं. तो बोंडीच्या वाटणीचं दूध प्यायला, पोटभर. मग झोपला.

टिकली खाली आली. बोंडीला एकदा हुंगलं, एकदा चाटलं. हौसाने बोंडीला पदरात घेतलं, आणि त्या दोघी डोंगराकडे चालू लागल्या. या वेळी परवाना कोणी विचारला नाही.

पुढे सगळं बरं झालं. राजपुत्र जगला. मोठा झाला, गोरागोमटा, शहाणा. कारभाऱ्याला मानाचा शेला मिळाला, राजपुत्र वाचला म्हणून. धार काढणारा मुदपाकखान्याचा मुख्य झाला. हौसा आणि केरू आपल्या शेतावर सुखाने राहिले, शेळ्यांची करडं वाढली, गोठा भरला. टिकलीचं उजवं सड मात्र पुन्हा कधी भरलं नाही. डावं भरायचं, रोज दिवेलागणीला, आपोआप. आणि थेंब थेंब जमिनीवर पडायचं. तिथे भर उन्हाळ्यातही गवत हिरवं असायचं. दुसऱ्या शेळ्या त्याला तोंड लावत नसत.

आणि एक सांगायचं राहिलं. राजपुत्र बोलायला लागला तेव्हा बाबा म्हणाला नाही, पाणी म्हणाला नाही. त्याचा पहिला शब्द होता "सोडा". दिवेलागण झाली की तो पागेकडे तोंड करून म्हणायचा, "सोडा." दाया म्हणायच्या, काय सोडायचं रे बाळा? ते त्याला सांगता यायचं नाही. राजा झाला तेव्हा त्याने पहिला हुकूम काढला, की या राज्यात धार झाल्यावर कोणी करडू बांधून ठेवायचं नाही. तो हुकूम अजून पाळतात. मीही पाळते, बघता ना तुम्ही रोज.

झोपा आता. शकू, डोळे मीट. आपली करडं सुटलेली आहेत, आयांजवळ आहेत, मी बघून आले.

ती खुंटी अजून आहे पागेत. दोर पाच हात होता. आई सात हातांवर होती. तिथून तीन दिवस माणसं जात होती, येत होती. तो दोर कोणी बांधला, आणि कोणी का सोडला नाही, हे अजून एकानेही सांगितलेलं नाही.