बाजूला बघणारा मठ

"ती नजर मला कधी येईल, बुवा?"

हे विचारताना व्यंकट बुवांच्या खांद्याच्या पलीकडे बघत होता. नागनाथबुवा त्याच्या कानाच्या पलीकडे, दाराकडे बघत होते.

समोरासमोर बसलेली दोन माणसं अशी एकमेकांना सोडून भलतीकडेच बघत होती आणि टेकडीवरच्या त्या मठात याचं कुणालाच काही वाटत नसे. तिथे सगळेच असे बघत. बुवा माणसाचं तोंड बघत नाहीत, देहाच्या पलीकडचं बघतात, असं कधीतरी कुणीतरी म्हणालं आणि शिष्यांनी ते उचललं. नवखा माणूस दर्शनाला आला की आपल्या मागे कोण उभं आहे म्हणून वळून वळून बघे.

"कुठली नजर?"

दुपारची पंगत उठली होती. सकाळपासून रांगेतल्या डोक्यांवर हात ठेवून ठेवून बुवांचा खांदा दुखून आला होता.

"तुमची. माणसाला ओलांडून जाणारी. मी सराव करायलोय, पण कुणी बोलायला लागलं की लक्ष तोंडाकडंच जातं."

"जाऊ दे की."

"नाही, बुवा. उद्या व्रत घेतलं की जमेल."

व्रत म्हणजे तेलातुपाचं. बुवांनी ते तरुणपणी घेतलं होतं. तेल नाही, तूप नाही, लोणी नाही, तीळ, शेंगदाणा, जवससुद्धा नाही. उकडलेला पाला आणि कोरडी भाकरी. त्या व्रताच्या नावावरच मठ उभा राहिला होता.

आणि आता ते घ्यायला निघाला होता व्यंकट, ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा. गावात त्याचीच चर्चा होती. ती त्याच्या कानावर येई आणि त्याला आवडेही. घाण्यावरचं शेवटचं जवसाचं तेल त्याने किटलीत भरून आणलं होतं. उद्या सगळ्यांसमोर ते पायऱ्यांवर ओतून द्यायचं, असं ठरलं होतं. मठातली त्याची जागाही ठरलेली होती. बुवांच्या अगदी समोर, सगळ्यांच्या पुढे.

बुवांनी हातातल्या माळेचे चार मणी ओढले.

"व्यंकट, मला समोरचं दिसत नाही."

"होय, बुवा." व्यंकटनं हात जोडले. "समोरची सगळी माया."

"माया नाही रे. डोळे." बुवांनी सुस्कारा सोडला. "सरळ बघितलं की माणसाच्या तोंडाच्या जागी काळा डाग येतो. कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून बाजूला बघतो. हल्ली तेवढेसुद्धा कष्ट घेववत नाहीत."

व्यंकटचे हात जोडलेलेच होते.

"डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरीणबाईनं तपासलं. म्हणाली, डोळ्याच्या आत एक पडदा असतो, त्यात चरबी फार. ती खाण्यातून पोचावी लागते. पाला खाल्लात ते चांगलं केलंत, म्हणाली, पण त्यातलं डोळ्याच्या कामाचं सत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही. बरंचसं वाया गेलं."

"म्हणजे... व्रतानं झालं हे?"

"मीही तेच विचारलं. वयानंही होतं म्हणाली, बिड्या ओढणाऱ्यांनाही होतं. सगळं व्रतावर ढकलणार नाही. पण पडद्याला तुम्ही उपाशी ठेवलंत, एवढं खरं."

"आणि आता?"

"गेलेलं येत नाही."

बाहेर कुणीतरी मोठी पातेली घासत होतं.

"मग हे तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"बोललो ना. भर पंगतीत बोललो, की बाबांनो, मला तुमची तोंडं दिसत नाहीत. लोक रडले. पाया पडले. पुढच्या आठवड्यात रांग दुप्पट झाली."

बुवा हसले नाहीत. त्यांना आता याचं हसू येत नव्हतं आणि रागही येत नव्हता. नुसता कंटाळा आला होता आणि तो लपवायचाही कंटाळा आला होता.

"परत सांगायचं त्राण राहिलं नाही रे."

व्यंकटचा चेहरा उजळला.

"कळलं, बुवा. तुम्ही माझी परीक्षा घ्यायलात. पण मी हटणार नाही. खरं सांगू? उद्याचं व्रत लोकांसाठी. मी तर वर्षभर चोरून पाळायलोय. घरच्यांनाही माहीत नाही. आणि गुण यायलाय."

"कसला गुण?"

"दिवस मावळला की पायऱ्या दिसत नाहीत. माणसंही दिसत नाहीत. सगळं पुसल्यासारखं होतं." त्याने आवाज खाली आणला. "मला वाटतं, नजर यायलीय."

बुवांच्या हातातली माळ थांबली...

"भाकरी आण," ते म्हणाले.

पंगतीतली उरलेली भाकरी व्यंकटनं ताटलीत घालून आणली. बुवांनी चाचपडत त्याच्या जागेजवळची किटली शोधली, झाकण काढलं आणि तेल ओतलं. थोडं ताटलीत पडलं, बरंचसं धोतरावर.

"बुवा! काय करायलात!"

पातेली घासणारे उठून दारात आले. बुवांनी तुकडा मोडला, तेलात बुडवला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. तेव्हा दारातली झाडून सगळी माणसं बुवांच्या तोंडाकडे सरळ बघत होती.

एक बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. एक म्हातारा पाठ फिरवून चालता झाला.

"मोडलं," व्यंकट पुटपुटला. त्याला रडू फुटत होतं. "सगळं मोडलं, बुवा. उद्या इथं कुणी येणार नाही. आणि तुमचे डोळे तर परत यायचे नाहीत. मग कशासाठी?"

बुवांनी दुसरा तुकडा बुडवला आणि पुढे केला. तो व्यंकटच्या तोंडापुढे नाही, खांद्यापुढे आला. तेल ठिबकत राहिलं.

व्यंकटनं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं. ते डोळे त्याला शोधत होते आणि तो त्यांना सापडत नव्हता. वर्षभर तो रोज त्यांच्या समोरच बसला होता.

त्याने ते मनगट धरलं आणि तुकडा आपल्या तोंडाशी नेला.

"समोर नको बसू," बुवा म्हणाले. "जरा डावीकडं सरक, उजेडात... अजून... हां. किती वाळलास रे, पोरा."