पलटणीची शिस्त

डोंगरावरच्या छावणीत पहाऱ्यावरचा शिपाई दत्ताराम घोगळे कपाळात गोळी लागून जागीच गेला. शेजारी त्याचीच रायफल पडलेली. कर्नल रणनवऱ्यांनी चहा संपायच्या आत निकाल दिला: आत्महत्या. म्हणजे आता मानवंदना नाही, तिरंगा नाही. म्हातारा बाप मात्र फाटकाबाहेर ताटकळत उभा.

चौकशीला आलेल्या मिलिटरी पोलिसांच्या कॅप्टन अरुंधती शेडगे त्या निकालावर सही करीनात. कर्नल भडकले.

"कॅप्टन, माझ्या पलटणीत खून होत नसतात."

"नसतील, सर. पण त्या रायफलीला कुणी हात लावलाय का?"

"कुणाची छाती आहे? गोळीचा आवाज ऐकून मी स्वतः धावलो आणि तिथे पहारा बसवला. रायफल पडल्या जागीच आहे."

"आणि गोळी झाडल्यावर तुमचे जवान काय करतात?"

कर्नलांची मान ताठ झाली. "आधी सेफ्टी लावतात, मगच रायफल खाली ठेवतात. झोपेतसुद्धा चुकायचे नाहीत. मीच शिकवलंय त्यांना."

सगळे पहाऱ्याच्या जागी गेले. कॅप्टन रायफलीपाशी वाकल्या. चाप अडवणारा तो खटका, सेफ्टी, व्यवस्थित लावलेला होता.

"सर, कपाळात गोळी घेतलेला माणूस सेफ्टी लावत नाही. ती लावणारा जिवंत आहे, आणि शिस्त तुमच्याच हाताखाली शिकलाय."

कर्नलांनी स्वतः वाकून तो खटका पाहिला. मग पहारेकऱ्याकडे वळले.

"घोगळ्याच्या वडिलांना आत घ्या. आणि फाटक बंद करा. आता कुणीही बाहेर जायचं नाही."