पाहुण्याची पिसं

माणसांनी दुर्बिणी गळ्यात अडकवायच्या आधीची गोष्ट. वादळात भरकटलेला, तांबड्या पंखांचा एक पाहुणा तळ्यावर उतरला. असा पक्षी तिथे कुणी कधी पाहिला नव्हता. टिटवीने ओरडून सगळं तळं गोळा केलं.

"तू काय, पान हललं तरी ओरडतेस," पडताळणी समितीचे अध्यक्ष घुबडराव म्हणाले. "पुरावा लागेल. तोवर ह्यांना तळ्यातल्या बेटावर मुक्काम नाही."

"अहो, पण तो समोरच उभा आहे!"

"समोर कुणीही उभं राहील. पीस दाखवा."

पाहुण्याने बिचाऱ्याने एक पीस उपटून दिलं. बगळ्याला ते मळकट वाटलं, त्याने दुसरं मागितलं. कावळ्याला शेपटीचंच हवं होतं. खंड्याला घरी नेऊन निवांत तपासायचं होतं. पाहुणा देत गेला.

अखेर समितीने एकमताने ठराव केला: पिसं अस्सल आहेत, तळ्यावर दुर्मिळ पाहुणा येऊन गेला.

"गेला कुठे? हा काय मी!" पाहुणा कुडकुडत म्हणाला.

घुबडरावांनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"टिटवीबाई, ह्या उघड्याबोडक्याला आधी बाहेर काढा. आणि ते पाहुणे पुन्हा दिसले, की लगेच ओरडा हं. त्यांचा सत्कार करायचाय."