टिचकूचा दाणा एसीत गेला

एक होता उंदीर. एवढुस्सा! नाव त्याचं टिचकू.

टिचकूला मिळाला शेंगदाणा. लालचुटुक! लपवायचा कुठे? अंगणात होती कुमुदकाकूची गाडी. टिचकूने दाणा ठेवला एसीच्या जाळीवर. दाणा घसरला. टुप्प! गेला आत.

पाय पुरेना. शेपूट पुरेना. टिचकूला आलं रडू.

आत होता पंखा.

"पंखादादा, फिर ना. माझा दाणा बाहेर फेक ना."

"वीज आल्याशिवाय मी नाही फिरत!"

तुरुतुरु तुरुतुरु, टिचकू गेला वायरीकडे.

"वायरताई, वीज दे ना. पंखा फिरेना, माझा दाणा मिळेना!"

"मला कुणीतरी कुरतडलंय. काकूने जोडल्याशिवाय मी नाही देत!"

टिचकूने पटकन तोंड मिटलं.

तुरुतुरु तुरुतुरु, टिचकू गेला काकूकडे.

"काकू, वायर जोड ना. वायर वीज देईना, पंखा फिरेना, माझा दाणा मिळेना!"

"अरे बाळा, आधी बॅटरी सोडवायची, मगच वायरीला हात लावायचा. पाना आल्याशिवाय मी नाही जोडत!"

तुरुतुरु तुरुतुरु, टिचकू गेला पान्याकडे. पाना होता पेटीत.

"पानादादा, बाहेर ये ना. काकू जोडेना, वायर वीज देईना, पंखा फिरेना, माझा दाणा मिळेना!"

"पेटीवर माऊ बसलीय. ती उठल्याशिवाय मी नाही येत!"

माऊ! टिचकू दोन पावलं मागे सरला. पण दाणा हवा होता ना!

"माऊताई, ऊठ ना. पाना येईना, काकू जोडेना, वायर वीज देईना, पंखा फिरेना, माझा दाणा मिळेना!"

"बाहेर ऊन, पेटी गार. मी नाही उठत!"

"एसी लागला की गाडीत बस. गारेगार!"

"आणि नाही लागला तर?"

टिचकू म्हणाला, "तर मला खा."

माऊ उठली. पाना आला. किर्र किर्र! काकूने बॉनेट उघडलं, बॅटरी सोडवली. वाकून पाहिलं.

"अगंबाई, केवढ्या या वायरी! तुटलीय कुठली?"

माऊने मिशा चाटल्या.

टिचकूला ठाऊक होतं. पण सांगायची लाज वाटत होती. फार लाज वाटत होती.

"ती लाल," टिचकू हळूच म्हणाला. "मीच कुरतडली. दात शिवशिवत होते."

"असं होय!" काकू हसली. "सांगितलंस ते बरं केलंस हो. आता दात शिवशिवले की माझ्याकडे ये. करवंटी देईन कुरतडायला."

काकूने वायर जोडली. चिकटपट्टी गुंडाळली. चर्रर्र! बॅटरी लावली, एसी सुरू केला. वायरीने वीज दिली. पंखा फिरला. भर्रर्र! माऊ गाडीत शिरली, डोळे मिटून बसली. आणि दाणा टुण्णकन बाहेर! पडला थेट माऊच्या नाकावर.

माऊने डोळे उघडले. टिचकूकडे पाहिलं.

"घे बाबा तुझा दाणा," माऊ म्हणाली, आणि गारेगार वाऱ्यात झोपून गेली.

टिचकूने दाणा खाल्ला. कुटुम कुटुम.

पेटी बंद, बॉनेट बंद, आपली गोष्टही बंद!