झिपरीच्या माठातली बिअर

अस्वलं घरच्या घरी बिअर करत असत, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? फार मागची गोष्ट आहे. झिपरी नावाच्या अस्वलिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. वऱ्हाडाला देण्यासाठी तिने मोड आलेली नाचणी भरडून माठात आंबवायला ठेवली. फेस बसल्यावर एक रात्र माठ झाकून ठेवायचा, मग बिअर निवळते, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी फेस बसला. बिअर गढूळ दिसू लागली आणि आंबट वास सुटला.

“झिपराबाई, मेली तुमची बिअर,” मुंगूस म्हणालं. ते एकदा शहराच्या वेशीपर्यंत जाऊन आलं होतं, म्हणून सगळे त्याचा सल्ला घेत.

मग तरसाने माठात नाक घातलं. रोज सडलेलं मांस खाणारं ते तरस नाक मुरडून म्हणालं, “शी, काय हा वास. व्याह्यांना हे पाजणार?”

“आई म्हणायची, एक रात्र थांबावं,” झिपरी हळूच म्हणाली.

“थांबा की. पोरीला नाकारून वऱ्हाड परत गेलं, की मग बसा आईची आठवण काढत,” मुंगूस म्हणालं.

झिपरीचा धीर सुटला. तिने अख्खा माठ जांभळीच्या बुंध्याशी ओतून दिला. “शहाण्या आहात,” असं म्हणून दोघंही समाधानाने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाडाला ओढ्याचं पाणी मिळालं, आणि जांभळीखालची एकही मुंगी सरळ रांगेत चालत नव्हती.